'ऑगमेंट' या नोंदीचा कर्ता कोण, हे लेखी ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
द्विभाषी कोश कार्यालय,
तिसरा मजला.

(मा. मुख्य संपादकांमार्फत पाठवण्याची पद्धत आहे. तशी एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आहे. ते वाचत नाहीत म्हणून ही थेट आपल्याकडे.)

विषय : खंड पहिला, पान २१२ वरील 'ऑगमेंट' या इंग्रजी शब्दाच्या नोंदीचा खरा लेखक निश्चित करून मला शिक्षा होणेबाबत.

संदर्भ : मा. मुख्य संपादकांच्या सहीची, मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. मी या कार्यालयात एकोणीस वर्षे सहायक संपादक, श्रेणी दोन, या पदावर काम करते. संदर्भीय नोटिशीत असे म्हटले आहे की, उपरोक्त नोंदीत मी "वरिष्ठांविषयी अवमानकारक उदाहरणवाक्ये हेतुपुरस्सर लिहिली". याचा खुलासा सात दिवसांत मागितला आहे. आज सहावा दिवस आहे. पाच दिवस मी ती नोटीस पुन्हापुन्हा वाचत होते, कारण इतकी आनंदाची गोष्ट या कार्यालयाकडून मला पूर्वी कधी मिळालेली नाही.

२. आपल्या माहितीसाठी कामाची पद्धत सांगते. एका शब्दाची नोंद आधी कार्डांवर होते. अर्थ, वापर, व्युत्पत्ती आणि उदाहरणे अशी वेगवेगळी कार्डे असतात. लिहिणाऱ्याने खाली उजव्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरे घालायची. मुख्य संपादक ती तपासतात आणि शेजारी आपली आद्याक्षरे घालतात. म्हणजे पद्धत तशी आहे.

३. 'ऑगमेंट'ची माझी चौदा कार्डे झाली. चार महिने लागले. अर्थ सोपा वाटतो, 'वाढवणे', पण तसा तो नाही. जे आधीपासून आहे त्यात भर घालणे, असा तो आहे. शून्याला ऑगमेंट करता येत नाही. मूळ लॅटिनमधले 'आउगेरे', म्हणजे वाढवणे. त्याच घराण्यात 'ऑक्शन' येतो, कारण लिलावात बोली चढत जाते. आणि 'ऑथर' येतो, कारण जो एखादी गोष्ट वाढीस लावतो तो तिचा कर्ता. आपल्याकडचा 'ओज' हाही त्याच जुन्या मुळाचा. संस्कृतात भूतकाळी क्रियापदाच्या आधी जो 'अ' लागतो, त्यालाही इंग्रजी व्याकरणकार ऑगमेंट म्हणतात, हे बाराव्या कार्डावर आहे. या एका कार्डासाठी मी दोन ग्रंथालयांत मिळून अकरा खेपा घातल्या. उपकार म्हणून सांगत नाही, पण सांगते.

४. ही कार्डे मुख्य संपादकांनी चार वेळा परत पाठवली. चारही वेळा शेरा एकच होता : "वाढवा." काय वाढवायचे, कुठे, हे कधी लिहिले नाही. पहिल्या तीन वेळा मी खरोखरच वाढवले. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आले की कार्डांना लावलेली टाचणी काढलेलीच नाही, त्यामुळे खालची कार्डे कुणी पाहिलेली नाहीत. तेव्हा मी चौदाव्या कार्डावर तीन नवी उदाहरणे घातली. ती इंग्रजीत आहेत. त्यांचे भाषांतर असे :

(अ) मुख्य संपादकांना आपले ज्ञान ऑगमेंट करता आले नाही, कारण त्यासाठी आधी थोडे असावे लागते.
(आ) जेवणानंतरच्या डुलकीत, बढतीनंतर, चाळीस मिनिटांनी ऑगमेंटेशन झाले.
(इ) दुसऱ्यांच्या कार्डांवर सही करून त्यांनी आपली कीर्ती ऑगमेंट केली.

तीनही वाक्यांत शब्दाचा वापर बिनचूक आहे. पहिल्या वाक्यात तर अर्थाची जी बारीक छटा वर सांगितली, ती अगदी स्वच्छ दिसते. हे रागाने लिहिले का, असे आपण विचाराल. हो, रागानेच लिहिले. तो राग अजून गेलेला नाही. कार्डे पुढे जाण्यापूर्वी ही वाक्ये काढून टाकायची, असे मी ठरवले होते.

५. त्यानंतर वडिलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मी नऊ दिवस रजेवर होते. परत आले तर माझा खण रिकामा होता. चौदाही कार्डे टंकलेखिकेकडून नव्याने उतरवून घेतली होती आणि कोपऱ्यात फक्त मुख्य संपादकांची आद्याक्षरे होती. टंकलेखिकेचा काही दोष नाही. "समोर ठेवतील ते उतरवते बाई, वाचत बसले तर घरी कधी जाऊ?" असे ती म्हणाली, ते खरेच आहे. मी विचारणा केली, तेव्हा मुख्य संपादक म्हणाले, "कोश कुणा एकाचा नसतो." प्रस्तावनेत मात्र त्यांनी छापले : "'ऑगमेंट' या नोंदीचे अक्षर न् अक्षर माझे आहे." याच नोंदीसाठी त्यांचा सत्कार झाला. शालीचा रंगही मला आठवतो. वाक्यांची आठवण करून द्यावी, असे मला त्या क्षणी वाटले नाही. मी टाळ्या वाजवल्या.

६. खंडाच्या शेवटी लेखनसाहाय्य करणाऱ्यांची यादी आहे. तीत माझे नाव नाही. माझ्या जागी मुख्य संपादकांचे मेहुणे आहेत, जे या कार्यालयात दोनदा पंखा दुरुस्त करायला आले होते. माझे वडील छापखान्यात चौतीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची नावे जुळवली. शस्त्रक्रियेनंतरही त्यांना दिसत नाही. खंड घरी आणला त्या दिवशी त्यांनी यादीचे पान काढायला लावले आणि म्हणाले, "माझं बोट ठेव गं तुझ्या नावावर." मी त्यांचे बोट मेहुण्यांवर ठेवले. "ठळक आहे का?" त्यांनी विचारले. मी "हो बाबा" म्हटले. साहेब, बाकी सगळे मी कदाचित गिळले असते, पण हे गिळणार नाही.

७. पुढचे मी काहीच केलेले नाही, ते आपोआप झाले. एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी कार्यालयास कळवले की, स्वतःच्या अज्ञानावर आणि झोपेवर इतक्या मोकळेपणाने लिहिणारा विद्वान विरळा, म्हणून ही वाक्ये आठवीच्या मुलींना पाठ करायला दिली आहेत. मुख्य संपादकांनी पान न उघडता उत्तर पाठवले : "आपण दाखवलेल्या वाक्यांबद्दल आभार. ती सुचली तेव्हा मलाही समाधान वाटले." अशी आभारपत्रे त्यांनी एकूण सहा लिहिली. सातव्या पत्रासोबत कुणीतरी पानाचा फोटो पाठवला. त्याच दुपारी माझ्यावर नोटीस निघाली.

८. आता आपल्यापुढे दोनच गोष्टी आहेत. नोंद त्यांची असेल, तर वाक्येही त्यांचीच, आणि मला दिलेली नोटीस चुकीची. मग दुसऱ्या आवृत्तीत एकही अक्षर न बदलता ती छापावीत, कारण एखाद्या विद्वानाचे आत्मकथन कापणे बरे नव्हे. नोंद माझी असेल, तर नोटीस योग्यच आहे. मग प्रस्तावना, सत्कार आणि सहा आभारपत्रे यांचे काय करायचे, ते त्यांना विचारावे. नोंद त्यांची आणि फक्त वाक्ये माझी, असे ते म्हणतील. त्यासाठी टंकलेखिकेची प्रत सोबत जोडली आहे. चौदाव्या कार्डाच्या कोपऱ्यात, वाक्य (इ)च्या बरोबर खाली, त्यांचीच आद्याक्षरे आहेत, खाली दोन रेघा ओढून.

९. प्रकरण आपापसात मिटवावे, असा निरोप त्यांनी शिपायामार्फत पाठवला आणि यादीत माझे नाव चिकटवून देण्याची तयारी दाखवली. चिकटवलेले नाव मला नको. सध्या माझ्याकडे तिसऱ्या खंडातील 'पी' अक्षराचे काम आहे. 'पिल्फर', म्हणजे भुरटी चोरी करणे, आणि 'प्लेजिअरिझम', म्हणजे वाङ्मयचौर्य, या नोंदींसाठी उदाहरणे जमवणे चालू आहे आणि ती कमी पडत नाहीत, हेही आपल्या निदर्शनास आणते.

१०. सबब विनंती की, मला दोषी ठरवावे. आदेशात हे वाक्य जसेच्या तसे यावे : "सदर नोंद, चौदा कार्डांसह, अर्थ, वापर, व्युत्पत्ती व उदाहरणे धरून, अर्जदार हिनेच लिहिलेली असल्याचे सिद्ध झाले आहे, सबब तिला शिक्षा देण्यात येत आहे." त्याखाली मुख्य संपादकांची सही असावी, आद्याक्षरे नकोत. शिक्षा कोणतीही चालेल. वेतनवाढ थांबवा, खालच्या पदावर पाठवा, बडतर्फ करा. आदेश मी उभी राहून दोन्ही हातांनी घेईन. पण तो माझ्या पूर्ण नावानिशी हवा. "कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने" असे लिहिलेला आदेश मी स्वीकारणार नाही, मग त्यात माझी निर्दोष सुटका केलेली असली तरी.

शिक्षेच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,

(सही, पूर्ण नाव लिहून)
सहायक संपादक, श्रेणी दोन

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा सहावा दिवस

सोबत :
१. कारणे दाखवा नोटीस (मूळ मी ठेवून घेतली आहे, ही छायाप्रत)
२. प्रस्तावनेचे पान, संबंधित ओळ लाल शाईने
३. आभारपत्रे, सहा
४. कार्ड क्रमांक चौदा, टंकलिखित प्रत
५. माझ्या हस्ताक्षरातील पहिला कच्चा खर्डा (घरी होता म्हणून राहिला), चौदा पाने, टाचणीसह