नागीण आणि मामाची मांडी

उधना, सुरत
१८ एप्रिल १९९१

म्हणजे अक्का, मी परका आणि तो सुकदेव घरचा, असंच ना? लहानपणीही तू त्याचीच बाजू घ्यायचीस. असो. आधी तुला नि दाजींना नमस्कार, बाळाला पापा (लांबूनच, घाबरू नको). तुम्ही बठ्ठे खुशाल असाल. मीही खुशालच आहे, कमरेला नागीण निघाली तेवढं सोडून.

तू लिहिलंस, जावळाला येऊ नको, तुझी नागीण पोराला लागेल, सुकदेव चुलत का होईना मामाच आहे, त्याच्या मांडीवर बसवून उरकू. उरका. मला तरी कुठे सुट्टी आहे.

नागीण म्हणजे उजव्या कमरेवर पट्ट्यासारखे पाण्याचे फोड आलेत. आग अशी की सदरा टेकवत नाही. आमच्या खोलीचा कायदा तुला माहीत आहे, एका गोदडीत दोन माणसं. रात्री मी कारखान्यात कापडाच्या लूमवर, तेव्हा पारोळ्याचा भाईदास तिच्यात झोपतो. सकाळी तो कामाला गेला की मी शिरतो. त्याने फोड पाहिले आणि दारातूनच ओरडला, "तठेच ऱ्हाय भो!" (तेव्हापासून मी तठेच आहे.) नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस गेला, असं त्याच्या गावी म्हणतात. मग दोन्ही टोकांत किती अंतर उरलंय ते मोजायला तर पाहिजे, पण हात कोण लावणार? त्याने बॉबिनचा धागा आणला, एक टोक माझ्याकडे फेकलं, दुसरं धरून स्वतः खोलीबाहेर उभा राहिला, आणि मी भोवऱ्यासारखा गिरक्या घेत धागा कमरेला गुंडाळून घेतला. चहावाला रतिलालसुद्धा सुट्टे पैसे हातात देईना, फळीवरून सरकवतो.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, याला हर्पिस म्हणतात, तोंड-शेपूट काही जुळत नाही, हात मिळवून कोणाला होत नाही. फोड ओले आहेत तोवर झाकून ठेव, लहान पोरांपासून लांब राहा, खपल्या पडल्या की मोकळा. एवढं बोलून त्यांनी नाडी पाहायला माझा हात धरला. (अक्का, नाडी पाहून झाली तरी मी हात काढला नाही. त्यांनीच सोडवून घेतला.)

हे भाईदासला सांगितलं तर म्हणतो, "डॉक्टरले काय, त्याले थोडंच मनी गोदडीमा झोपनं शे!" आता तो पोत्यावर झोपतो, गोदडी पूर्ण माझी. तिला त्याच्या बिडीचा वास येतो म्हणून मी वर्षभर भांडलो. आता वास नाही. पण पूर्वी सकाळी शिरलो की ती ऊन लागायची, आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखी. आता गार असते. मी पाय पसरून पडतो आणि झोप येत नाही.

बाकी ठीक. जावळ सुकदेवकडूनच करा. माझा अजिबात राग नाही.

तुझा
वना

ता. क. : खपल्या पडायला लागल्यात. काल भाईदासने धागा परत मागितला. त्याच्या कमरेला खाज सुटलीय (पोत्याची असेल, पण मी सांगितलं नाही).

आणखी एक ता. क. : जावळ अखाजीच्या सणापर्यंत थांबव ना. पद्मालयाच्या गणपतीला करू. तोवर कातडी कोरी होईल, डॉक्टरला दाखवूनच निघेन, मांडीवर धुतलेला टॉवेलही घालीन. पोराला मी अजून एकदाही घेतलेलं नाही गं. मनीऑर्डर केलीय, ती मामाच्या मांडीची आहे. सुकदेवची मांडी वापरलीस तर पैसे परत पाठव : एकशे एक रुपये.