पारूचा हसरा शॉट

९ जानेवारी
आज कळंबच्या बंगल्यावर रुजू झालो. शेलूहून निघताना आई रडली, पण मला फार बरं वाटतं आहे. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून शेतं दिसतात. बंगला फक्त शूटिंगसाठी बांधलेला. समोरून इंग्रज साहेबाच्या काळातला वाटतो, काळपट. मागून साध्या विटा आणि पत्रे. भिंतींवरच्या भेगा रंगवलेल्या आहेत. त्या फिक्या पडल्या की पुन्हा रंगवायच्या, हे माझं काम. मला इथे लावणारे हसनचाचा बंगल्याचे मॅनेजर. पूर्वी ते सिनेमात लाइट धरायचे. इथे भूतबित आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाले, अरे बाबा, इथं भुतंपण भाडं भरून येतात.

वरच्या ठाकूरवाडीतली पारू झाडलोट करते. तिला कशाचंही हसू येतं. माझे ब्रश ओळीने मांडलेले बघून म्हणाली, एवढा नीटनेटका हायस, तुला बायकू नाय मिळायची रं फराज.

१३ जानेवारी
सिनेमाचं युनिट आलं. हसनचाचा सांगतात, इथे बनणाऱ्या प्रत्येक सिनेमाची गोष्ट तीच. पांढऱ्या गाऊनमधली बाई, नवऱ्याचं मोठं घर, जिना, मेणबत्ती. घर तिला गिळत जातं आणि तिचं कोणी ऐकत नाही. मला चीड येते. बाई, फाटक उघडं आहे, बाहेर टमटम मिळते, नेरळला जा. पारू म्हणाली, ती गेली तर तुजा पगार कोन देल.

१५ जानेवारी
आज हिरोइनचं मरण होतं. जिन्यावरून गडगडत यायचं आणि पायथ्याशी पडून राहायचं. हिरोइनचा पाय दुखत होता, म्हणून तिचा गाऊन घालून पारू पडली. तोंड केसांनी झाकलेलं. छान पडली.

हसनचाचांनी मला एक रीत सांगितली आहे. मेल्याचा शॉट झाला की त्याच जागी, त्याच कपड्यांत कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मगच उठायचं, नाहीतर ते मरण अंगाला चिकटतं. मग हिरोइनला तिथे झोपवून तिचा मेलेला चेहरा घेतला आणि तिचा हसरा शॉटही घेतला. पारूचा राहिला. उजेड जात होता. मी असिस्टंट डायरेक्टर अनम मॅडमना सांगितलं, पण त्या सामान भरण्याच्या घाईत होत्या.

१८ जानेवारी
युनिट गेलं. गाऊन मात्र इथेच राहिला आहे.

पारू आली, पण हसली नाही. झाडू ठेवून शेवटच्या पायरीवर बसून राहिली. घरी जा म्हटलं, तर म्हणाली, मला अजून उठायला सांगितलेलं नाही. अगदी असंच म्हणाली, पुस्तकातल्यासारखं. ही मुलगी कधी ‘नाही’ म्हणत नाही, ‘नाय’ म्हणते.

२० जानेवारी
अनम मॅडमना फोन केला. त्यांचं म्हणणं, डुप्लिकेटचा चेहरा दिसलाच नाही, म्हणजे ती मेलीच नाही. मी म्हटलं, पडलेली तर तीच होती. पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी म्हणाल्या, फोनला कॅमेरा आहे ना, तुम्हीच घ्या.

हसनचाचा म्हणाले, हिरोइनसारखा घाबरतोस, फाटक उघडं आहे, जा घरी. कसा जाऊ? ती पायरीवर बसलेली आहे.

२२ जानेवारी
तिची आई, कोंडीमावशी, तिला घरी घेऊन गेली होती. दुपारी पारू पुन्हा इथे. अनवाणी, केस सोडलेले. वाडीत म्हणाली म्हणे, मला माझ्या घरी सोडा. जेवत नाही. हात दगडासारखे गार. कडावच्या डॉक्टरने सलाइन लावून अशक्तपणा आहे असं सांगितलं. तिच्या मानेवर काळा वळ उठला आहे, तो रोज वाढतो. मी हे चाचांना दाखवलं. ते म्हणाले, पडताना लागलं असेल. सगळ्यांकडे उत्तर आहे.

मावशी मला म्हणाली, तूच कायतरी कर रं बाबा, माजी पोर चालली.

२३ जानेवारी
सकाळी गाऊन दिला. तिने घातला. जागेवर पडली. फोन धरला. हस म्हटलं. माझ्या ब्रशांवरून बोललो, स्वतःची टवाळी केली. काही नाही.
डोळे उघडे. पापणी हलत नाही.
कोणाला सांगू —

२४ जानेवारी, सकाळ
ती कालपासून तशीच पडलेली आहे, मावशीला कळवायचं धाडस झालं नाही. पुन्हा शॉट घेतो आहे. वही गुडघ्यावर. डाव्या हातात फोन.

हसली.

फोनमध्ये हसते आहे. पारूसारखीच, दात दाखवून. म्हणते, झालं का रं फराज, उठू का.

फोनच्या वरून बघितलं. पायथ्याशी ती तशीच. मान वळलेली. ओठ मिटलेले. फोनमध्ये हसते आहे, आणि समोर —

फोन खाली घेत नाही. घेतला तर उरेल ती समोरची.

हात दुखतो. चाचांना हाक मारली. ते म्हणाले, आलो, चहा संपवून.

बॅटरी लाल झाली आहे. चार्जर खोलीत.

फोनमधली पारू विचारते, माजी आय आली का.

आली. फाटकातून येते आहे. भाकरीचं फडकं हातात. थांबा म्हटलं, ऐकत नाही. मावशी, तिकडून बघू नका, इकडे या, माझ्या बाजूला, यातून बघा, यातून —