लाल रेघेची बॅग

तीर्थस्वरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकवत नाही, कंबर धरली आहे, पण कागदावर वाकायला काय जातं?) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? आमच्या कुंड्यांना पाणी घाला, आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण किल्ली मागायला आली तर मुळीच देऊ नका. आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आता खरं काय ते ऐका.

तुमच्याच सांगण्यावरून आम्ही घराबाहेर पडलो, हे आधी नोंदवून ठेवते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तुमचे बंधुराज खिडकीपाशी बसायचे ते जेवायलाच उठायचे. बोलणं ‘हं’ आणि ‘असू दे’ एवढ्यावर आलं होतं. ‘याला कुठेतरी घेऊन जा गं, नाहीतर हा असाच मिटून जाईल,’ असं तुम्ही डोळे पुसत म्हणालात. मलाही तीच धास्ती होती, फक्त मी ती बोलून दाखवत नव्हते. डोंगर सुचवला, समुद्र सुचवला. सगळ्याला ‘असू दे’. शेवटी मी सहज म्हटलं, पलीकडच्या गावाला जाऊ या का, तर हे चक्क उठून उभे राहिले. पलीकडचं गाव तुम्हाला ठाऊकच आहे: देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेलं आपल्याच नावाचं शहर. लोक पत्ता अर्धवट लिहितात आणि तिकडची पत्रं आपल्याकडे, आपली तिकडे जातात. ह्यांनी सगळी नोकरी त्या एका टेबलावर काढली. तिकडचं पत्र दिसलं की लाल रेघ मारायची आणि रवाना करायचं. तिकडेही असंच टेबल, अशीच लाल रेघ, आणि तिथे बसणारा एक माणूस. त्याला कधीही न भेटता हे ‘पलीकडचे’ म्हणायचे. ‘आज पलीकडच्यांनी थैली उशिरा पाठवली, बरं नसावं त्यांना,’ असं जेवताना सांगायचे. माझं डोकं दुखत असलं तर ते मात्र कधी कळायचं नाही.

तर प्रवासाची बॅग. गाडीत सामान चोरीला जातं, पार्सलाने जात नाही, असं म्हणून ह्यांनी ती आधीच पोस्टाने पुढे पाठवली. पत्ता सुवाच्य अक्षरात, पिनकोडसकट. आणि वर हाताच्या सवयीने एक जाड लाल रेघ. मी समोरच होते. रेघ छान सरळ आली असं म्हणालेसुद्धा.

इथल्या स्टेशनवर उतरलो तर पाटीवर आपल्याच गावाचं नाव. लॉजवर गेलो, नाव-गाव लिहून दिलं. मॅनेजरने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ‘इथलेच आहात, तर घरी का जात नाही?’ ह्यांनी समजावलं की आमचं गाव वेगळं, नाव तेच. सामान कुठे आहे म्हणाला, तर पोस्टाने येतंय म्हणाले. झालं. एक म्हातारा, एक म्हातारी, राहणार त्याच शहरात, हातात डबा आणि छत्री. तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती नजर, वन्सं, ऐन तारुण्यातही माझ्या वाट्याला आली नव्हती. मग मी ह्यांना तिथेच असं काही झापलं की हे नवराबायकोच आहेत याची त्याला खात्री पटली आणि त्याने किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी शहर बघायला निघालो. इथे उंच मनोरा आहे, नदीवर लोखंडी पूल आहे, संग्रहालय आहे. ह्यांनी त्यातलं एकही दाखवलं नाही. ह्यांना दाखवायचे होते पत्ते. ही घड्याळजीची गल्ली, याचा भाऊ कायम कमी तिकिटं लावतो. हा वकिलाचा जिना, याला कामाशिवाय कोणीच लिहीत नाही. ‘आणि इथे कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान,’ असं म्हणून वळले ते थेट एका गोठ्यात. (चष्म्याचं दुकान आपल्या गावातलं.) एका घरी तर जिना चढून बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईंना विचारलं, ‘तुमच्या बहिणीचा हात बरा आहे का? मध्यंतरी अक्षर फार हलत होतं.’ बाईंनी दार लावून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही अर्धा जिना उतरलो तेव्हा दार पुन्हा उघडलं आणि वरून आवाज आला, ‘बरा आहे आता.’

बॅग काही येईना, म्हणून पोस्टात गेलो. आतल्या टेबलाशी एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. ह्यांनी बॅगेचं वर्णन केलं. ‘लाल रेघ होती का?’ ‘होती.’ ‘मग परत पाठवली. रेघ म्हणजे पलीकडची.’ (एरवी आपल्याकडून आलेली थैली थेट वाटपाला जाते, टेबलावर येतच नाही. आमची बॅग एकटी आली, म्हणून टेबलावर चढली. पत्ता वाचायचा कशाला, रेघ आहे ना!) मी तोंड उघडणार, तोच तुमचे बंधुराज म्हणाले, ‘अगदी बरोबर केलंत. मीही हेच केलं असतं.’ त्या गृहस्थांनी हळूच मान वर केली. ‘म्हणजे पलीकडचे ते तुम्ही?’ ‘छे, पलीकडचे तर तुम्ही.’ आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले ते सोडीचनात. अंगावरच्या कपड्यांपलीकडे माझ्याकडे काही उरलं नव्हतं, तरी मला भरून आलं.

तेव्हापासून बॅग येते आहे आणि जाते आहे. तिकडे आपल्या गावी ह्यांच्या जागी आलेला नवा माणूस रेघ बघून इकडे पाठवतो, इकडे ती नेमकी त्या गृहस्थांच्या सुट्टीच्या दिवशी येते आणि बदली माणूस रेघ बघून तिकडे. हे रोज चहा झाला की ‘बॅगेची चौकशी करून येतो’ म्हणून जातात ते संध्याकाळी उगवतात. त्या टेबलाशी ह्यांना एक स्टूलसुद्धा मिळालं आहे. जेवताना तोंडाचा पट्टा चालू. मला दोन घास सुखाने गिळू देत नाहीत. मनोरा मी एकटीने पाहिला, पूल एकटीने पाहिला. संग्रहालयातला पहारेकरी आता मला बघितलं की खुर्ची पुढे करतो. बॅग नाही म्हणून इथल्या बाजारात घेतलेला इकडच्या पद्धतीचा पोशाख मी घातला की हे माझ्याकडे न बघता बोलतात. जीव नुसता विटला आहे. बॅग हातात पडली की त्याच दिवशी परतायचं, असं ठरवून ठेवलं आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, शेजारणीला काहीही नको.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : तो नवा माणूस हुशार आहे असं ऐकते. ही बॅग सारखी परत का येते असं वाटून उद्या त्याने रेघेऐवजी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, तर बॅग तुमच्याकडे आणून देईल. दिलीच, तर रेघ पुसट झाली असेल ती नीट ठळक करा आणि पुन्हा पोस्टात टाका. ह्यांना कळू देऊ नका. काल जेवताना हे इतक्या मोठ्याने हसले, की शेजारच्या खोलीतल्या माणसाने भिंत ठोकली. किती दिवसांनी ऐकलं, वन्सं.

आणखी एक : बॅगेत तळाशी माझा स्वेटर आहे. इथे थंडी पडायला लागली आहे. तेवढा काढून वेगळ्या पुडक्यात पाठवा. त्या पुडक्यावर मात्र रेघ मारू नका.