दोन डोक्यांचा पाम

३ मार्च, मंगळवार

ठरलं! अंगणात भिंत घालायची. गाडी कुठे लावायची यावरून दोघे भाऊ – म्हणजे आमचे हे आणि थोरले दीर – हमरीतुमरीवर आले होते. आज गवंड्याला बोलावून चुन्याची रेघच मारून घेतली. रेघ नेमकी माझ्या पामवरून जाते. झाड तोडावं लागेल म्हणाला गवंडी, आणि दोघांनी एकदमच मान डोलावली. कधी नव्हे ते एकमत झालं, तेही माझ्या झाडावर!

जाऊबाई दारातून बघत होत्या.

४ मार्च

मशीनवर बसले आणि पडदा उलटा शिवला. खिडकीतून सारखं तिकडेच लक्ष. लग्नानंतर पहिल्याच वर्षी वीतभर रोप लावलं होतं मी, आता पाम छपराच्या वर गेलाय. आणि साधासुधा नाही – बुडातून दोन खोडं फुटलेला! अशा पामला फाटा फुटत नाही म्हणतात. माझ्याला फुटला! आल्या-गेल्याला थांबवून दाखवत आलेय. जाऊबाई तेव्हा गालातल्या गालात हसतात. हसोत.

एक युक्ती सुचलीय. लेकीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे सर आहेत. त्यांनी येऊन ‘दुर्मिळ’ एवढंच म्हणावं, दोघे भाऊ गपगार!

५ मार्च

जाऊबाईंना युक्ती सांगितली. म्हणे, कशाला त्या सरांना त्रास! म्हणजे जाऊबाईंनाही भिंत हवीच आहे. इतकी वर्षं एका अंगणात राहिलो, आणि हे! आज तिकडे भाजी पाठवली नाही.

८ मार्च, रविवार

सर आले. झाडाभोवती दोनदा फिरले. पामला शेंड्याशी एकच कोंब असतो, त्याला इजा झाली तर क्वचित फाटा फुटतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी फुगले! मग त्यांची नजर आळ्याकडे गेली. विटांचं आळं, त्यात वर्षानुवर्षं मीच भरलेली माती. ती काढून बघू म्हणाले. गवंडी फावडं घेऊन हजरच होता.

हातभर खाली दोन बुंधे निघाले. एकमेकांना घट्ट टेकलेले, पण वेगवेगळे.

सर हळूच म्हणाले, "ताई, ही दोन झाडं आहेत."

दुर्मिळ नाही, काही नाही. मग एकेकाला एक घ्या, असं दीर म्हणाले. पण मधून वीटसुद्धा जात नाही, दोन्ही तोडावी लागतील. उद्या दुपारी तोडणारा येणार.

पण मी रोप एकच लावलं होतं. एकच!

९ मार्च

सकाळीच जाऊबाई आल्या. दवाखान्यातली रात्रपाळी करून, नर्सच्या पांढऱ्या साडीतच. आळ्याच्या कडेवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं.

लेक सातव्या महिन्यातच झाली तेव्हा कितीतरी दिवस मी तिच्यासोबत दवाखान्यातच होते. वाचते की नाही, अशी अवस्था. इकडे पामला कोण पाणी घालणार? पार वाळला.

"आधीच तू अर्धी झाली होतीस," जाऊबाई म्हणाल्या. "घरी येऊन वाळलेलं झाड बघायचं? म्हणून दुसरं आणून लावलं. तुझं उपटवेना, मग वाळकी पानं छाटून शेजारीच लावलं. आणि तुझं मेलं पावसाळ्यात पुन्हा फुटलं!"

आठवलं. नवं पान दिसल्यावर लेकीला कडेवर घेऊन मीच नाचले होते – फाटा फुटला, फाटा फुटला!

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतकी खूश होतीस. सांगवेना."

म्हणून सर नको होते होय! मी आधी रडले, मग हसू आवरेना. त्याही हसल्या. दुपारी तोडणारा आला तर आम्ही दोघी आळ्यावर ठाण मांडून! जाऊबाईंनी दोघा भावांना एवढंच सांगितलं, "एक तिचं आहे, एक माझं. कुणी हात लावून बघा."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. किती दिवसांनी!

१३ मार्च

भिंत दोन्हीकडून पामच्या अलीकडेच थांबवली. बाजूने वाट सोडली आहे. गवंड्याने माझ्या मापाने सोडली होती, जाऊबाई अडकल्या! आणखी विटा काढायला लावल्या.

१५ मार्च

पोस्टमनने आज झाडाबद्दल विचारलं. मी सवयीने म्हटलं, फाटा फुटलाय. शेजारी जाऊबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "हो, मी स्वतः पाहिलाय फुटताना."