भाषण कुणी करायचं

११ फेब्रुवारी

तेलुगू सिनेमाचा जीवनगौरव म्हणे मला! सकाळी फोन आला तेव्हा वाटलं, कुणीतरी वर्गणी मागतंय. शिरीषाने, माझ्या भाचीने, फोन हातातून घेतला आणि ऐकता ऐकता तीच रडायला लागली. मी मुगाचा डोसा, पेसरट्टू, खात बसले. काय वाटायला हवं तेच कळेना.

१२ फेब्रुवारी

दिवसभर फुलं, माणसं. जो तो म्हणतो, 'हैमावतीअम्मा, तुमचे संवाद अजून पाठ आहेत.' माझे? पडद्यावर मी कधी एक शब्द बोललेली नाही. मंगळूरहून आले तेव्हा माझी तेलुगू ऐकून अख्खा सेट हसला होता. तेव्हापासून प्रत्येक सिनेमात माझ्यासाठी डबिंगवाली कनकदुर्गा बोलली. डोळे माझे भरायचे, हुंदका तिचा. मग हा गौरव नक्की कुणाच्या जीवनाचा?

१५ फेब्रुवारी

समितीचा माणूस येऊन गेला. 'अम्मा, स्टेजवर चार शब्द बोला. टीव्हीवर दाखवणार आहोत.' नको म्हटलं. शिरीषा म्हणते, 'मावशी, घरात दिवसभर आम्हाला बोलतेस, तिथेच काय होतं?'

१९ फेब्रुवारी

गावातच, चिक्कडपल्लीला, कनकदुर्गाकडे गेले. कित्येक वर्षांनी. तिने आधी गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी आणि भात वाढला, मग विचारलं, 'काय काम काढलंस?'

म्हटलं, तूही स्टेजवर ये, अर्धा पुरस्कार तुझा.

'अर्धा कसा देणार? करवतीने कापून?'

मग निदान भाषण तरी तू कर, म्हटलं. तिने उठून भांडी आवरली. मग म्हणाली, 'हैमा, जन्मभर तुझ्यासाठी बोलले. आता एकदा तूच बोल. हसले तर हसू देत.'

रागाने म्हणाली की मायेने — घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

२० फेब्रुवारी

सराव. शिरीषा उच्चार सुधारत बसली. तिला खोलीबाहेर काढलं.

२७ फेब्रुवारी

बोलले. माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत. पहिल्याच वाक्याला मागे कुणीतरी हसलं. ठरवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं — 'तुम्ही इतकी वर्षं ऐकलात तो आवाज माझा नाही. तो कनकदुर्गाचा. ती याच गावात राहते.'

मग टाळ्या. तिला, मला, की नुसत्या माझ्या म्हातारपणाला? पास पाठवला होता, तरी ती आली नाही.

१ मार्च

टीव्हीवाल्यांचा फोन. माझ्या भाषणाचा आवाज नीट रेकॉर्ड झालेला नाही. 'काळजी नको अम्मा, व्यवस्था केलीय.' कसली व्यवस्था?

३ मार्च

आज दाखवलं. तोंड माझं, आवाज कनकदुर्गाचा! या वयातही तसाच स्वच्छ. शिरीषा बघतच राहिली. ते वाक्य आलं तसा मी टीव्हीचा आवाज वाढवला. पण माझ्या तोंडून निघालं, 'तुम्ही इतकी वर्षं दिलेल्या प्रेमाचं ऋण मी कशी फेडू?' तिचं नाव कुठेच नाही. कुणी काढलं? मला आधी सांगितलं का नाही? चिडले आहे की लाज वाटतेय, तेही समजत नाही.

४ मार्च

कनकदुर्गाला फोन केला. विचारलं, तुझं नाव कुणी काढलं?

'मीच.'

मग म्हणाली, 'ओठ जुळले ना गं?'