शूटआउटनंतरचा पाव

प्रिय रूडी,

ओट्यावर वेलदोड्याचा पाव झाकून ठेवलाय. आधी हे वाच, मग खा.

रविवारी टीव्हीवर राष्ट्रीय स्पर्धेचे संघ जाहीर झाले. सोळावं, शेवटचं नाव दुसऱ्याच कॉलेजचं निघालं. तुझ्या आइस हॉकी संघातली पोरं एकेक करून उठली. गोलकीपर टॉइव्हो मला म्हणाला, "काकू, पाच शूटआउट जिंकलो हो आम्ही! मग हरलो कुठे?" आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या कॉलेजांच्या साखळीत, बरोबरी झाली की शूटआउट, आणि जिंकेल त्याला एक जादा गुण. गावानं पाचही वेळा गाड्यांचे भोंगे वाजवले, मीही पाचही वेळा जिंकल्याचा पाव भाजला. पण राष्ट्रीय स्पर्धेला संघ निवडणारे शूटआउट धरतच नाहीत. त्यांच्या लेखी त्या पाचही मॅचेस नुसत्या बरोबरीच्या. एक जरी खरोखर जिंकली असती, तर आपण आत होतो. जानेवारीत मी म्हटलंही होतं, "अरे, या बरोबऱ्या नडतील." तू हसलास. "मार्लिस, तू पाव भाज, हॉकी माझ्यावर सोड!" सोडली बाबा.

गेल्या वर्षी संघाच्या बसमध्ये तुझ्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणालास, "पोरांना एकदा राष्ट्रीय स्पर्धेला नेतो, की शिट्टी खाली ठेवली. मग टूसॉनला, लेकीजवळ, उन्हात." म्हणून तर या वयात त्या गारठ्यात बसून घसा बसेपर्यंत ओरडले मी. पोरांना वाटायचं, काकूंना काय हॉकीचं वेड! वेड कसलं डोंबलाचं. मला माझा नवरा हवा होता.

काल मासे घ्यायला गेले तर दुकानातली आयनो म्हणाली, "अभिनंदन हं! कोच आणखी दोन वर्षं राहणार म्हणे." मी हसून हो म्हटलं. मासे तिथंच विसरून आले.

रागसुद्धा येत नाहीये रे, थकलेय मी. आपल्या प्रत्येक भांडणात हेच झालं. कुणीच हरायचं नाही, शेवटी तू एखादा गोड शब्द जादा द्यायचास, आणि मी जिंकले समजून पाव भाजायला घ्यायची.

दुपारच्या विमानानं मी टूसॉनला जातेय. गोळ्या फ्रीजवर आहेत, जेवल्यावर घे. आजचा पाव कशाच्या आनंदाचा नाही, तुला भूक लागेल म्हणून आहे. यायचं असेल तर शिट्टी तिथंच ठेवून ये. नसेल यायचं तर तसं स्पष्ट सांग. "पुढच्या वर्षी बघू" म्हणायला मात्र फोन करू नकोस.

अजून तरी तुझीच,
मार्लिस