पेटीचे त्र्याहत्तर सेकंद

ताडकळस,
ता. १८ डिसेंबर १९७७

चि. सौ. मालन हीस थोरल्या दादाचे अ. उ. आ. व सप्रेम जयभीम वि. वि.

इकडील सर्व ठीक. थंडीमुळे तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, आणि मला घड्याळाच्या दुकानात बसून ऐकू येईल इतके ती त्याबद्दल बोलते. किशनराव गुरुजींना शाळेतून सवड झाली की तिकडील खुशाली कळवावी.

पत्रास कारण असे, की जर्मनीतल्या एका गाण्यांचे तवे, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या, काढणाऱ्या कंपनीचे साहेब परवा मला भेटून गेले. बरोबर पुण्याचे दुभाषे होते. मुंबईच्या जुन्या बाजारात त्यांना आपल्या गायन पार्टीचा १९५३ सालचा तवा मिळाला, विहिरीच्या गाण्याचा. पार्टीचे एकूण चार तवे निघाले हे त्यांना मी सांगण्याआधीच ठाऊक होते. १५ जानेवारीस, रविवारी सकाळी, मानवतला व्यंकटरावांच्या जिनिंगच्या गोदामात ते गाणी उतरवून घेणार. रुईच्या गाठी रचलेल्या असल्या की आवाज घुमत नाही. ही जागा मी सुचवली.

अट एकच आहे. विहिरीचे गाणे तव्यावर आहे तसे त्यांना नको. तवा निघण्यापूर्वी आपण वस्तीत गात होतो तसे, सातही कडव्यांचे हवे. ते नसेल तर बाकी गाण्यांसाठी ते यंत्र घेऊन इतक्या दूर येणार नाहीत.

चार कडवी आमच्या तोंडी आहेत. उरलेली तीन तुझी होती आणि ती माझ्या वहीत नाहीत. शिवाय आणखी एक पंचाईत आहे. लोकांनी इतकी वर्षे तव्याबरहुकूमच गाणे मागितले, त्यामुळे सटवाजीचा हात ढोलकीवर तीन मिनिटे वीस सेकंदांना आपोआप थांबतो. काल पाच वेळा गायलो, पाचही वेळा थांबला. फरक दोन सेकंदांचा. सटवाजी एकसष्ट वर्षांचा, मी पंचावन्न. यानंतर आम्हाला कोणी उतरवून घेईल असे वाटत नाही.

तरी तिन्ही कडवी कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहून पाठव. तू येण्याची तसदी घेऊ नये, ती मी म्हणेन.

माया आहे तशी राहू दे.

मास्तर रंगनाथ
(पेटी व चाल)


राणीसावरगाव,
ता. २४ डिसेंबर १९७७

ती. दादास धाकट्या मालनचा पाया पडून जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीला निर्गुडीच्या पाल्यानं गुडघे शेकायला सांगा. पाला तुमी तोडून आणा, म्हंजे दुकानात ऐकू यायचं बंद होईल. हिकडं हे शाळेच्या तपासणीच्या घाईत हाईत. हुरडा झाला, तूर चांगली हाय.

तुमाला साहेब भेटला, लय आनंद वाटला. मातर ती कडवी कार्डावर मावायची न्हाईत.

तुमाला याद नसंल म्हणून लिवते. आपली माय वारून चार महिने झाले व्हते. गावच्या विहिरीला आपला हात लागू देत नसत, वरून कुणी पाणी ओतंल म्हणून माय घागर घिऊन तासन्‌तास उभी ऱ्हायची. त्या उभं ऱ्हाण्यावर मी तीन कडवी बांधली. मंग आपण रेल्वेनं मुंबईला गेलो. मी बावीस वर्साची, नवं लुगडं नेसून माईकापुढं उभी. तुमी खिशातलं घड्याळ काढलं आन म्हणाले, की एवढं तव्यात बसत न्हाई, मालननं गप ऱ्हावं. कंपनीचा माणूस म्हणाला, हालू नका, हाललं तर लुगड्याचा आवाज तव्यात जाईल. म्हणून मी तिथंच उभी ऱ्हायले. आख्खं गाणं. पाय हालवला न्हाई.

गावात बायका इचारायच्या, तव्यात तुझा आवाज कोणता गं. मी म्हणायचे, जो ऐकू येत न्हाई तो. त्याच्यानंतर मी गायले न्हाई, हे तुमाला ठावं हाय.

त्या वक्ताला उभ्या उभ्या मी श्वास मोजले. एकटी पेटीच किती वाजली, तेबी मोजलं. तुमी ते कधी मोजलं का? तवा तुमच्याकडं हाय, घड्याळं तर दुकानभर हाईत. मोजा आन आकडा कळवा. मंग कडव्यांचं बघू.

राग मानू नये, मानला तर पत्रात लिवावा.

तुमची मालन


ताडकळस,
ता. २९ डिसेंबर १९७७

चि. सौ. मालन हीस अ. उ. आ. जयभीम वि. वि.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या लक्षात राहावे म्हणून काही गोष्टी नमूद करतो. त्या काळचा तवा दहा इंची. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. एका बाजूस तीन मिनिटे वीस सेकंद, त्यापुढे सुई मधल्या कागदाच्या शिक्क्यावर चढते. हा नियम मी केलेला नाही. पेटी आणि घड्याळ या दोन्ही विद्या मी कोणा उस्तादाच्या पायाशी बसून नव्हे, तर उघडून, पुन्हा जोडून शिकलो. वेळेच्या बाबतीत माझ्या हातून चूक होत नाही.

तुझ्याविना अडून राहू नये म्हणून मीच तीन कडवी नवी रचली आहेत. वृत्त चोख आहे. तालमीत म्हणून पाहिली. सटवाजी म्हणाला, की मास्तर, ह्यात समदं हाय, पाणी तेवढं न्हाई. त्याला मी पुष्कळ बोललो. त्याने ढोलकी गवसणीत घातली आणि घरी गेला, तो दोन दिवस आला नाही. मग मलाच त्याच्या दारी जावे लागले.

सतरा दिवस उरले. साहेबांना मी सात कडव्यांचा शब्द दिलेला आहे. जुन्या गोष्टी उकरण्याची ही वेळ नव्हे. उलट टपाली कडवी यावीत.

लोभ कमी होऊ देऊ नये.

मास्तर रंगनाथ


राणीसावरगाव,
ता. ३ जानेवारी १९७८

ती. दादास पाया पडून जयभीम वि. वि.

तुमच्या पत्रात तवा हाय, सुई हाय, शिक्काबी हाय. पेटीच कुठं दिसली न्हाई.

हे मला समजावायलेत, की भाऊ हाय, म्हातारपणाकडं चाललाय, दिऊन टाक. मी म्हणले, जे माझं हाय ते दिऊन टाकते, पर मी गप ऱ्हाऊन दिलेलं एकदा मोजून घ्यावं. हे हसले आन चहा मागितला.

सटवाजीमामांच्या दारी तुमी गेले, हे मातर बरं केलं. तुमच्या हातून कडवी नीट बांधली जातील असं मला न्हाई वाटत, कारण तुमी विहिरीवर कधी गेलेच न्हाई. तुमी साळंच्या खिडकीबाहेर उभे ऱ्हाऊन अक्षरं शिकत व्हते. त्याचा मला अभिमान हाय, खोटं कशाला बोलू. तीच अक्षरं तुमी मला शिकवली, म्हणून तर भांडायला येतंय.

एक कडवं पाठवते. चालीत म्हणून बघा, किती वेळ लागतो ते.

विहिरीच्या काठी, उभी माझी माय
सावली फिरली, तिचे हालले न्हाई पाय

बाकीची दोन आकड्याशिवाय येणार न्हाईत.

तब्येतीला जपावं. वहिनीला इचारलं म्हणून सांगावं.

मालन


ताडकळस,
ता. ९ जानेवारी १९७८

चि. सौ. मालन हीस जयभीम.

मोजले.

ग्रामोफोनची चावी ढिली पडली की तवा हळू फिरतो, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण चावी देऊन तीनदा मोजले. सुरुवातीस एकटी पेटी एक्केचाळीस सेकंद. दुसऱ्या व तिसऱ्या कडव्याच्या मध्ये तेवीस. शेवटी नऊ. एकूण त्र्याहत्तर.

तू पाठवलेले कडवे तव्याच्या चालीत म्हटले. एकोणीस सेकंद लागले. तीन कडव्यांचे सत्तावन्न. म्हणजे बसत होती. वर सोळा सेकंद उरत होते.

त्या दिवशी माझ्या हातात घड्याळ होते आणि मी ते फक्त गाणाऱ्यांना लावले. पेटी ऐकून कंपनीचा माणूस वा म्हणाला होता. ते कमी करावे असे माझ्या मनातसुद्धा आले नाही. चोवीस वर्षे तो तवा मी दर दिवाळीला लावतो आणि दर वेळी त्या एक्केचाळीस सेकंदांनाच मान डोलावतो.

उरलेली कडवी लिहून पाठवू नकोस. शनिवारी दुपारी दोन वाजता गंगाखेडच्या स्टँडवर मी उभा असेन. तू आली नाहीस तर साहेबांना गाणे चारच कडव्यांचे आहे असे सांगेन. माझी तीन फाडून टाकली.

दादा


राणीसावरगाव,
ता. २० जानेवारी १९७८

ती. दादास पाया पडून जयभीम वि. वि.

मी सुखरूप पोचले. गळा बसलाय, हे म्हणायलेत की घरात लय शांतता हाय, असंच ऱ्हाऊ दे.

तुमी गंगाखेडला दोनला येतो म्हणाले आन बाराला येऊन उभे व्हते, हे तिथल्या भज्यांच्या गाड्यावाल्यानं मला सांगितलं. तुमी सांगितलं न्हाई.

आता मनात एकच घोळायलंय. चार कडवी झाली आन सटवाजीमामांचा हात थांबला, सवयीनं. गोदामात चिडीचूप. साहेब कानाला यंत्र लावून तसाच बसलेला. मला वाटलं गेलं गाणं. मी तुमच्याकडं पाह्यलं. तुमी पेटीवरले दोन्ही हात काढून मांडीवर ठिवले. भाता मिटला. मंग माझं तोंड उघडलं. पुढचं मला ठावं न्हाई. मामांची ढोलकी कवा मागून आली तेबी कळलं न्हाई. ह्या वक्ताला मी श्वास मोजले न्हाईत.

मातर दादा, साहेब परदेशी असला म्हणून काय झालं, घड्याळ त्याच्याकडंबी असंलच की. तिकडं नेऊन त्यानं कापलं तर? मधली ती चूक तर कापणारच. तिच्यासंगं मलाबी कापंल. तवा आला की तुमी आधी ऐका. नसले मी त्याच्यात, तर मला कळवू नका.

जीव लावत ऱ्हावं.

मालन


ताडकळस,
ता. ३ सप्टेंबर १९७८

चि. सौ. मालन हीस अनेक आशीर्वाद व जयभीम वि. वि.

तवा आला. एकच आला आहे. हिंदुस्थानात तो विक्रीस नाही आणि होणारही नाही, असे दुभाष्यांनी कळवले आहे. बारा इंची, मिनिटाला तेहतीस फेरे. माझा ग्रामोफोन अठ्ठ्याहत्तरचा, त्यावर तो लागत नाही. अकरा दिवस मी तो नुसता फडक्यात बांधून ठेवला होता. तुझे शेवटचे वाक्य वाचल्यापासून ऐकायची भीतीही होती. काल मानवतला व्यंकटरावांच्या घरी विजेवरच्या यंत्रावर सटवाजीला सोबत घेऊन ऐकला. दोनदा. घड्याळ हातात होते.

३ मिनिटे १९ सेकंदांना सटवाजीचा हात थांबतो. त्यानंतर चार सेकंद काहीही नाही. कान देऊन ऐकले तर पेटीचा भाता मिटल्याचा आवाज येतो. साहेबांनी ते कापलेले नाही. मग तू आहेस.

मी सत्तावन्न सेकंद लिहिले होते, ते चुकले. तू चार मिनिटे अकरा सेकंद गायली आहेस. इतके त्या जुन्या तव्यात कधीच बसले नसते. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही, मोजले म्हणून लिहितो. एकूण गाणे सात मिनिटे चौतीस सेकंद. सटवाजी दोन्ही वेळा डोळ्यांना धोतराचा सोगा लावून बसला आणि विचारले तर सरकीची धूळ गेली म्हणाला. सप्टेंबरात जिनिंग बंद असते.

तवा हे पत्र आणणाऱ्या माणसाकडे देत आहे. तुमच्याकडे वाजवायला यंत्र नाही हे मला ठाऊक आहे. तरी तो तुझ्याकडेच राहू दे.

तुझ्या त्या चार मिनिटे अकरा सेकंदांत पेटी शून्य. दोनदा मोजले.

दिवाळीला ये. अंतर देऊ नकोस.

तुझा
दादा